हजार शब्दांचे गुंडप्पा मास्तर

लातुरात सगळे त्यांना गुंडप्पा मास्तर म्हणायचे. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते आणि होणारही नव्हते, कारण तिसऱ्या खेपेला मॅट्रिक सुटल्यावर त्यांनी पुढची एकही परीक्षा दिली नाही. तरी गंजगोलाईपासून बसस्टँडपर्यंत माणसं त्यांना वाट द्यायची. त्यांना हजार इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ आहेत, अशी ख्याती होती. शब्द खरोखरच पाठ होते. ते वापरायचे कसे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांना ते कळत नाही, हे लातुरात कुणाला कळलं नाही.

मी शेषेराव. वीरभद्रअप्पांच्या छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. मास्तरांचा प्रत्येक छापील शब्द माझ्या बोटांखालून गेलेला आहे. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा थोडाफार हक्क मला आहे; आदराने बोलेन अशी अपेक्षा मात्र कुणी ठेवू नये.

मास्तरांचं घर मूळचं कारळवाडीचं. औशापासून तीन कोसांवरचं गाव. वडील धोंडप्पा निजामाच्या काळात औशाच्या कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. 'माझी म्हैस चोरीला गेली' एवढंच सांगायचं असलं, तरी धोंडप्पा ते असल्या जड उर्दूत लिहायचे, की वाचून दाखवल्यावर म्हशीचा मालक स्वतःच घाबरून जायचा. आपणच काही गुन्हा केलाय की काय, असं त्याला वाटायचं. पुढे निजाम गेला आणि त्याच्यामागून उर्दूचा दरारा गेला. पोराने ओळखलं, की लोकांना दबून राहायला काहीतरी लागतंच आणि इथून पुढे ते इंग्रजी असणार. गुंडप्पांना जन्मात बरोबर समजलेली ती एवढी एकच गोष्ट.

बहात्तरच्या दुष्काळात औशाकडे रस्त्याचं काम निघालं. कारळवाडीतली निम्मी माणसं तिथे खडी फोडायला होती आणि गुंडप्पा त्यांच्यावर मस्टर कारकून होते. हजेरी घ्यायला तासभर पुरायचा. उरलेला दिवस ते लिंबाच्या सावलीत बसून लाल फडक्यात बांधलेली इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडायचे आणि रोज वीस शब्द पाठ करायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, पुढ्यात डिक्शनरी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी पोथी वाचतंय. समोर उन्हात बायामाणसं दगड फोडत असायची. पाठ केलेला शब्द कुणावर तरी टाकून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका दुपारी त्यांनी केरबाला गाठलं. केरबा कारळवाडीच्या बौद्धवाड्यातला. गुत्त्यावर, म्हणजे मापावर मजुरी असली, की तिघांची खडी एकटा पाडायचा, असा गडी.

"केरबा, यू आर इंडोलंट," मास्तर म्हणाले.

केरबाने घण खाली ठेवला. "काय म्हनून राहिले मालक?"

मास्तर नुसते हसले. बापाजवळ, दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा डबा घेऊन उभी असलेली दहा वर्षांची पंचशीला मात्र तशी सोडणारी नव्हती. तिने विचारलं, "इंडोलंट म्हंजी काय?"

"म्हंजी लई थोर मानूस," मास्तर म्हणाले आणि सावलीत परत गेले.

केरबा पुढचे दोन दिवस ते सगळ्यांना सांगत फिरला. त्याची बायको पार्वतीबाई म्हणायची, की त्या दुष्काळात घरात तेवढी एक चांगली गोष्ट घडली. पंचशीलाने तो शब्द कागदाच्या तुकड्यावर मराठी अक्षरांत लिहून जपून ठेवला. तिने पाठ केलेला पहिला इंग्रजी शब्द तो.

आठ वर्षांनी पंचशीला शिष्यवृत्तीवर नांदेडला कॉलेजात गेली. वसतिगृहात राहिली. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी प्रत्येकाला उभं करून आपल्या घराविषयी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला सांगितली. हिच्याजवळ एक वाक्य कधीचं तयार होतं. ती ताठ मानेने उभी राहिली आणि म्हणाली, "माय फादर इज इंडोलंट."

वर्ग हसला. हिला कळेना. तास संपल्यावर प्राध्यापकांनी तिला ग्रंथालयात नेलं, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच देणारी जाडजूड डिक्शनरी तिच्यापुढे ठेवली आणि निघून गेले. शब्द सापडायला तिला वेळ लागला. अर्थ दोनच शब्दांचा होता. त्यातला एक अडला, तो शोधला, आणि मग तिला समजलं: आळशी, कामचुकार. माझ्याजवळ हे तिने एकदाच सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही की पडला नाही. "त्या दिवसापासून मी एकबी शब्द अर्थ बघितल्याबिगर घेतला न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "आन नुसता अर्थ न्हाई. खाली त्याचं वाक्य दिलेलं असतंय, ते आधी वाचते. शब्द कुठं बसतो ते वाक्यात कळतंय."

तिने नांदेडच्या जुन्या बाजारातून तसलीच एक डिक्शनरी मिळवली. तिची पाठ उसवलेली होती, ती सुतळीने शिवून घेतली. रोज पाचच शब्द घ्यायचे. प्रत्येकाचा अर्थ आपल्या भाषेत आपल्या शब्दांत लिहायचा, मग त्याची तीन वाक्यं करायची आणि तीनही वाक्यं ओळखीच्या माणसांविषयी. एवढाच तिचा अभ्यास. त्यात भपका काही नव्हता, म्हणून कुणाला त्याचं कौतुकही वाटलं नाही.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. गावाला एकदम चेव आला. कचेऱ्यांचे फलक रंगायला लागले, साहेब लोक घरं शोधत फिरायला लागले, आणि प्रत्येक घरात एकेक पोरगं कारकून व्हायचं स्वप्न बघायला लागलं. मुलाखतीत इंग्रजी विचारतात, अशी हूल उठली. झालं. गुंडप्पांनी एका कापडदुकानाच्या माडीवर फलक लावला: प्रगत इंग्रजी शब्दसंपदा वर्ग. महिनाभरात जिन्यावर चपला ठेवायला जागा उरेना.

वर्ग कसा चालायचा तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. मास्तर शब्द उच्चारायचे, साठ पोरं एका सुरात अर्थ म्हणायची. एका शब्दाला एकच अर्थ. दुसरा अर्थ विचारला, तर मास्तर त्या पोराला जिन्यात उभं करायचे. वाक्य कधी करून घेतलं नाही. "शब्द भरा, शब्द. वाक्य आपोआप येतंय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पेंड भरल्यासारखे शब्द भरले जात होते. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. त्यांच्या एका हुशार विद्यार्थ्याने नव्या नोकरीत रजेचा अर्ज केला, तो 'आमची आजी डिफंक्ट झाली' असा. डिफंक्ट म्हणजे मृत, हे त्याला पाठ होतं. बंद पडलेल्या गिरणीला आणि मोडीत निघालेल्या कारखान्याला लावायचा तो शब्द आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबाने रजा दिली. पोराने तो अर्ज मित्रांना अभिमानाने दाखवला, आणि त्या महिन्यात वर्गात आणखी वीस जण वाढले.

मास्तरांचं पुस्तक आमच्याच छापखान्यात छापलं गेलं. 'हजार शब्द, हजार अर्थ'. पिवळं वेष्टन, मागच्या पानावर मास्तरांचा हनुवटीला बोट लावलेला फोटो. पुस्तक निघालं तशी लोकांची हिंमत वाढली. हणमंतराव नावाच्या आडत्याने मुलाच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत काढायचं ठरवलं आणि मजकूर मास्तरांकडून करून घेतला. त्यात 'आमच्या चिरंजीवांच्या ऑब्सिक्वीजला अगत्याने यावे' असं होतं. ऑब्सिक्वीज म्हणजे धार्मिक विधी, पुस्तकात पान त्रेसष्ट. मी जुळवलं, अप्पांनी छापलं. चारशे पत्रिका वाटल्या गेल्या, चारशे घरची माणसं जेवून गेली. नवरीचे हैदराबादचे मामा तेवढे पत्रिका हातात घेऊन दारातच थांबले. तो शब्द फक्त प्रेताच्या विधीसाठी आहे, हे त्यांनी हणमंतरावांना मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन सांगितलं. हणमंतराव दुसऱ्या दिवशी आमच्या छापखान्यात आले. मास्तरांकडे गेले नाहीत. विद्वानाला कसं बोलायचं? छापणाऱ्याला बोलता येतं.

त्या बोलण्यानंतर अप्पांनी इंग्रजी प्रुफं तपासायला माणूस ठेवायचं ठरवलं आणि पंचशीला आमच्याकडे आली. तेव्हा ती बी. ए. झालेली होती, नव्या जिल्ह्यात कुठेतरी जागा निघेल म्हणून वाट बघत होती. खिडकीजवळ स्टूल टाकून बसायची, सुतळीने शिवलेली डिक्शनरी मांडीवर. अप्पा तिला 'ओ बाई' म्हणायचे आणि पाण्याचा माठ त्यांनी तिच्यापासून जरा लांब सरकवला होता. तिने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरून पाण्याची बाटली आणायला लागली, आणि अप्पांच्या पहिल्याच पत्रकातल्या अकरा चुका लाल शाईने दाखवल्या. तिची आपली तऱ्हा होती.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. उन्हाळा लागायच्या आधीच कारळवाडीच्या विहिरींनी तळ दाखवला. बौद्धवाड्याची विहीर उथळ, ती सगळ्यांत आधी आटली. मार्चमध्ये बातमी आली, की दिल्लीहून पाहणीचे साहेब येणार, निवडक गावं बघणार आणि त्यावर टँकर नि कामं ठरणार. प्रत्येक गावाने आपली स्थिती इंग्रजीत लिहून द्यायची होती. कारळवाडीचे सरपंच शिवमूर्ती थेट मास्तरांच्या माडीवर गेले. गावचा माणूस असताना दुसऱ्याकडे कशाला जायचं?

मास्तरांनी चार पानं लिहिली. सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही. मी जुळवून प्रूफ काढलं आणि खिडकीकडे दिलं. थोड्या वेळाने पंचशीला माझ्या खिळ्यांच्या पेटीपाशी येऊन उभी राहिली. दोन शब्दांभोवती लाल वर्तुळं होती.

"शेषेरावभाऊ, ह्यात काय लिहिलंय कळलं का तुमाला?"

"मी खिळे बघतो, बाई. अर्थ न्हाई बघत."

तिने समजावून सांगितलं. मास्तरांनी लिहिलं होतं, की यंदा आमच्या गावात 'प्रॉडिजस' पाऊस झाला. त्यांच्या पुस्तकात प्रॉडिजस म्हणजे भयंकर. पाऊसमान भयंकर वाईट, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्या शब्दाचा अर्थ अफाट, नवल वाटावं इतका प्रचंड. पुढच्या ओळीत विहिरी 'रिप्लीट' झाल्या होत्या. आटून गेल्या, यासाठी शब्द वेगळा, डिप्लीटेड. आवाजात जवळचा, म्हणून मास्तरांची गल्लत झाली. रिप्लीट म्हणजे तुडुंब भरलेल्या. तिने डिक्शनरी उघडून दोन्ही जागा मला बोटाने दाखवल्या. इंग्रजी अक्षर मला येत होतं. मला समजलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला समजलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

दुपारी मास्तर आले. पंचशीला स्टुलावरून उठून उभी राहिली.

"सर, ह्या दोन शब्दांनी मजकूर उलटा होऊन राहिला. अफाट पाऊस पडला न् विहिरी भरल्या, असं वाचतील साहेब."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. अप्पांकडे बघून म्हणाले, "ही कोन?"

"प्रुफं बघती. तुमच्याच गावची, केरबाची पोरगी."

"केरबाची." मास्तर हसले. तेच बारा वर्षांपूर्वीचं हसणं असणार. "पोरी, हजार शब्द मी पाठ केलते तवा तू सुकडी खाऊन राहिलतीस. पान एक्क्याऐंशी काढ. प्रॉडिजस, भयंकर. छापलेलं हाय."

"तुमीच छापलंय ते," पंचशीला म्हणाली.

अप्पांनी घसा खाकरला. "आपलं काम कागदावर हाय ते छापायचं. गिऱ्हाईक म्हनतंय तसं. शेषेराव, घ्या मशीनवर."

पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी जुळवलेल्या पानाचा फर्मा आवळला आणि मशीनवर घेतला.

साहेब यायच्या दिवशी छापील प्रती घेऊन अप्पांनी मलाच कारळवाडीला धाडलं. चावडीपुढे मांडव घातला होता. मांडवाच्या बाहेर, उन्हात, रिकाम्या घागरींची रांग लावलेली आणि तिच्या टोकाला केरबा उभा. सरपंचांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, "मास्तर बोलतील. बाकी कुनी तोंड उघडायचं न्हाई. गावाची शोभा करू नका."

बाराच्या सुमाराला जीप आली. दोन साहेब उतरले, हार घालून घेतले, सावलीत बसले. विहीर बघायला चला, असं सरपंचांनी हाताने दाखवलं. त्यातला मोठा साहेब घामाने बेजार झाला होता. त्याने आधी कागद मागितला. दिल्लीहून विहिरी बघायला आलेल्या माणसाने विहीर पाहिली नाही, विहिरीविषयीचा कागद पाहिला. पहिल्याच पानावर त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने घागरींच्या रांगेकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी भरभर विचारलं. 'रेन' आणि 'वेल' एवढे दोन शब्द मला कळले. गावात पाऊस चांगला झालाय आणि विहिरी भरल्यात, हे खरं का, असा तो प्रश्न होता. मास्तरांना शब्द येत होते, बोललेलं इंग्रजी कळत नव्हतं. पण गप्प राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

ते पुढे झाले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इनड्युबिटेबली, सर."

साहेबाने पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश. मास्तर पुन्हा, आणखी मोठ्याने, "इनड्युबिटेबली."

निःसंशय. गावाने दोनदा, साक्षीदारांसमोर, निःसंशय सांगितलं. साहेबाने वहीत टिपून घेतलं, थँक्यू म्हणाला आणि जीप धूळ उडवत गेली. मी तिथून दहा पावलांवर होतो. 'साब, पानी नहीं है' एवढी हिंदी मला येत होती. उरलेल्या प्रती हातात धरून मी उभा राहिलो.

"साहेब थँक्यू म्हनले," सरपंच सगळ्यांना सांगत सुटले. मास्तरांना बैलगाडीतून वाजतगाजत पांदीपर्यंत पोहोचवलं.

दहा दिवसांनी यादी लागली. शेजारच्या तीन गावांची नावं होती, कारळवाडीचं नव्हतं. आठवड्याभरात सगळं गाव नदीपात्रात झिरे खोदून वाटीवाटीने पाणी भरायला लागलं. बौद्धवाड्यातल्या बायांना वरच्या अंगाच्या झिऱ्यांवर कुणी येऊ देईना, त्या खाली जाऊन खोल खोदायच्या. एप्रिलमध्ये अशाच एका झिऱ्याची कड ढासळली आणि पार्वतीबाई आत पडली. मांडीचं हाड मोडलं. पुढे ते जुळलं, पण वाकडं जुळलं. ती बाई उरलेलं आयुष्य काठीवर चालली.

आईला दवाखान्यात ठेवून पंचशीला कचेरीत गेली आणि नाव का नाही, म्हणून विचारलं. एका कारकुनाने फाइल काढून आमचंच छापील पान तिच्यापुढे धरलं. "तुमच्या गावानंच लिहून दिलंय की, बाई." लाल वर्तुळं तेवढी त्यावर नव्हती.

तिने तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहिला. अकरा ओळी. पाऊस पडला नाही. विहिरी कोरड्या आहेत. माणसं किती, जनावरं किती, पाणी किती लांबून आणावं लागतं. सगळे शब्द शाळेतल्या पोराला येतील असे. खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. मग सलग पाच आठवडे ती रोज सकाळी कचेरीच्या दारात उभी राहिली, दुपारी छापखान्यात आली. मेच्या अखेरीला कारळवाडीत टँकर आला. तो कुणामुळे आला, याची चौकशी गावात कुणी केली नाही. बऱ्याच जणांचा समज असा, की मास्तरांच्या अर्जाला थोडा वेळ लागला इतकंच.

मास्तरांना कुणी जाब विचारला का? सरपंचांनी भीतभीत विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "दिल्लीच्या साहेबाचं इंग्रजी कच्चं हाय. प्रॉडिजस शब्द त्याला झेपला न्हाई." हे वाक्य दोन दिवसांत सगळ्या लातूरभर झालं. हॉटेलात लोक कौतुकाने एकमेकांना सांगायचे: आपल्या मास्तरांपुढं दिल्लीचा साहेब लटपटला. जूनमध्ये वर्गाची दुसरी तुकडी सुरू करावी लागली. एखाद्या गावाला मूर्ख व्हायचंच असलं, की ते किती मनापासून होतं, हे मी तेव्हा पाहिलं.

एकदाच मात्र मास्तर दुपारच्या वेळी एकटेच छापखान्यात आले. अप्पा जेवायला गेले होते. खिडकीपाशी जाऊन पंचशीलाला म्हणाले, "ती तुझी डिक्शनरी दाव."

तिने दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच पानं उलटली. एका जागी बराच वेळ बोट ठेवून वाचत राहिले. ओठ हलत होते. मग मागे जाऊन दुसरी जागा काढली. कपाळावरचं भस्म घामाने ओलं झालं होतं. मला क्षणभर वाटलं, हा माणूस आता काहीतरी बोलेल. त्यांनी डिक्शनरी मिटली, सुतळीची शिवण अंगठ्याने चाचपली आणि स्टुलावर ठेवली.

"जुनी हाय ही," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

पंचशीलाने पुढचं प्रूफ ओढलं. त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आम्ही त्याच दिवाळीत काढली. हस्तलिखितात प्रॉडिजस नव्हता, रिप्लीट नव्हता, ऑब्सिक्वीज नव्हता. त्यांच्या जागी नवे शब्द घालण्याची तसदीही घेतलेली नव्हती. मी मोजले, नऊशे सत्त्याण्णव भरले. वेष्टनावर हजार तसेच राहिले.

पुढच्या वर्षी पंचशीलाला नांदेडला पुढचं शिकायला मिळालं आणि ती गेली. मास्तर लातुरातच मोठे होत गेले. त्यांची साठी झाली तेव्हा सत्कार समितीने शाल दिली, मोठा हार घातला. उत्तरादाखल ते सात मिनिटं इंग्रजीत बोलले. त्यात क्रियापदं फारशी नव्हती. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या; समितीचं निमंत्रण आमच्याच छापखान्याने छापलं होतं आणि अप्पा शेजारी बसले होते.

त्यानंतर वर्षभराने माझ्या मुलीला कॉलेजात घालायला मी नांदेडला गेलो. तिथे इंग्रजी विभागाच्या दारावर पंचशीलाचं नाव होतं. केस पिकायला लागलेले, चष्मा लागलेला. तिने मला लगेच ओळखलं, बसवलं, शिपायाला चहा सांगितला. पार्वतीबाई गेल्याचं सांगितलं. केरबा तिच्याकडेच राहतो, अजून पहाटे उठून अंगण झाडतो, म्हणाली. मास्तर कसे आहेत, असंही विचारलं. मी सत्काराचं सांगितलं. ती हसली नाही.

"त्यांचं मला काई वाटत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "त्यांना कळतच नव्हतं. तुमाला कळलं होतं. मी तुमाला शब्द दाखवून सांगितलं होतं. तरी तुमी मशीनवर घेतलं."

मुलगी शेजारी बसली होती. ती माझ्याकडे बघायला लागली.

"नोकरी होती, बाई," मी म्हणालो.

"हाव. माझीबी होती."

चहा आला. तिने बशी माझ्याकडे सरकवली, मुलीचा अर्ज ओढून घेतला आणि वाचायला लागली. एका ओळीवर पेन्सिल थांबली. तिने मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हा शब्द तू लिहिलास ना? अर्थ सांग बरं." मुलगी अडखळली. पंचशीलाने कपाटातून एक डिक्शनरी काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "घाई न्हाई. आधी वाक्य वाच."

मी चहा संपवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत दोघींचं बराच वेळ चाललं होतं.